चढ कोणी चढायचा?

महामार्गावर पादचारी पूल बांधायचा ठरला, की कागदावर पहिली रेघ ओढण्याआधीच एक आकडा टेबलावर येऊन बसतो: साडेपाच मीटर. डांबरापासून पुलाच्या पोटापर्यंत निदान एवढी मोकळी उंची सोडायची, असा आपल्याकडचा नेम आहे. कंटेनर, उंच माल लादलेले ट्रक आणि वर थोडी सूट, असा हिशेब त्यामागे आहे. पायी चालणाऱ्याला डोक्यावर अडीच मीटर मिळाले की पुरते; सायकलवर बसलेल्यालाही त्याहून फारसे जास्त लागत नाही. तरीही आपल्याकडे माणूस वाहनांच्या खालून क्वचितच जातो, बहुतेक वेळा वरूनच जातो, आणि त्या चढाची किंमत त्याच्या गुडघ्यांतून वसूल होते. पुढच्या प्रकरणांत गर्डर, वेल्डिंग, पाया, कंपने असे पुष्कळ काही आहे. ते वाचताना हा हिशेब नजरेआड होऊ नये, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

साडेपाच मीटरमध्ये पुलाच्या तळाची जाडी मिळवायची. माणूस ज्या पातळीवर चालणार ती साधारण सहा मीटरवर येते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर ४० पायऱ्या, म्हणजे जवळजवळ दोन मजले. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उतरायच्या. जिना ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी रॅम्प. अपंगांसाठीच्या आपल्या मानकांत बारास एक हा सर्वांत तीव्र चढ मानला आहे, आणि दर नऊ मीटरला दम घ्यायला सपाट टप्पा हवा. सहा मीटर चढायला ७२ मीटरचा उतार, त्यात टप्प्यांचे आणखी दहा मीटर. एका बाजूला ८२, दोन्ही मिळून १६४. मधला रस्ता ४० मीटरचा. ज्याला ४० मीटर पलीकडे जायचे होते तो दोनशे मीटरहून जास्त चालतो, त्यातले ८२ मीटर चढावर. सेकंदाला १.२ मीटर हा चालण्याचा सर्वसाधारण वेग धरला, तर अर्ध्या मिनिटाच्या कामाला जवळजवळ तीन मिनिटे लागतात.

सायकलवाल्याचे गणित याहून बिकट. बारास एकचा चढ सत्तर मीटर चढून जायचा म्हणजे गिअरवाल्या हलक्या सायकलवरच्या तरण्या पोरालाही जोर लावावा लागतो. आपल्याकडे महामार्गालगत सायकल चालवणारा माणूस बहुधा काळ्या, जड, बिनगिअरच्या सायकलवर असतो. मागे कॅरिअरला डबा, कधी दुधाची किटली, कधी गवताचा भारा. त्याच्यासाठी विसास एक, शक्य तर पंचविसास एक उतार ठेवावा. म्हणजे एका बाजूला १२० ते १५० मीटर. एवढी जागा सर्व्हिस रोडच्या कडेला नाही, असे उत्तर ठरलेले असते. मग जिन्याच्या कडेने लोखंडी पन्हळ बसवतात, तीत चाक ठेवून सायकल ढकलत न्यावी म्हणून. हे दृश्य एकदा शांतपणे पाहावे. पन्हळ कठड्याला इतकी चिकटून असते की हँडल कठड्यावर घासते. माणूस सायकल बाहेरच्या बाजूला कलती धरतो. डबा एका अंगाला झुकतो. मधल्या टप्प्यावर पन्हळ संपते आणि पुढची हातभर सोडून सुरू होते, कारण टप्प्याचे चित्र एका माणसाने काढले आणि जिन्याचे दुसऱ्याने. उतरताना सगळा भार ब्रेकवर. सायकलवाला असे दोन दिवस करतो आणि तिसऱ्या दिवशी उलट्या दिशेने सर्व्हिस रोड पकडतो.

म्हणून माझ्या मते या पुलांचा आराखडा मधल्या गाळ्यापासून सुरू करूच नये. गाळा सोपा असतो. चाळीस मीटरचा पोलादी ट्रस कोणताही बरा कारखाना बनवून देईल, रात्रीच्या दोन तासांत क्रेनने बसवूनही देईल. अवघड आहेत ती दोन टोके. तिथे जागा नसते, जमीन कोणाची तरी असते, खाली गटार आणि केबल असतात, पानाची टपरी असते, रिक्षा थांबा असतो. निविदेत मात्र गाळ्याचे वजन टनांत येते आणि टोकांची गोष्ट 'जागेवर ठरवावे' अशा शेऱ्यात उरकली जाते.

गाळ्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र चालणाऱ्याच्या थेट कामाची आहे. चालायचा तळ गर्डरच्या माथ्यावर ठेवला तर गर्डरची सगळी खोली, दीड-पावणेदोन मीटर, चढात जमा होते. तोच तळ दोन बाजूंच्या ट्रसच्या खालच्या पट्टीवर बसवला, तर पायाखालची जाडी अर्ध्या मीटरवर येते आणि ट्रस कठड्याचेही काम करतो. एका निर्णयात सात-आठ पायऱ्या वाचतात, बारास एकच्या रॅम्पचे चौदा-पंधरा मीटर वाचतात. तरीही गर्डर खाली ठेवलेले पूल आपल्याला जागोजाग दिसतात, कारण ते बसवायला सोपे आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला आटोपशीर वाटतात. रस्त्यावरून पाहणारा म्हणजे मोटारीतला.

ब्रिटनच्या मानकांत याच विषयाची आणखी एक गंमत आहे. नव्या रस्तापुलाखाली तिथे ५.३ मीटर उंची मागतात, पण पादचारी पुलाखाली ५.७ मीटर. कारण तांत्रिक आणि रास्त आहे: पादचारी पूल हलका असतो, ट्रकची धडक त्याला सोसत नाही, म्हणून तो धडकेच्या आवाक्याबाहेर ठेवायचा. २७ ऑगस्ट २०१६ रोजी केंट परगण्यात एम-२० या मोटरवेवर खोदयंत्र वाहून नेणाऱ्या लॉरीची धडक बसून पादचारी पुलाचा एक भाग रस्त्यावर कोसळला, तेव्हा त्या नियमाचा अर्थ सगळ्यांना कळला. आपल्याकडे मागची ट्रॉली उचललेली ठेवूनच निघालेला डंपर हा पादचारी पुलांचा जुना वैरी आहे. पण परिणाम पाहा. जो पूल सर्वांत नाजूक, तो सर्वांत उंच. आणि त्यावर चढायचे कोणी, तर ज्याच्याकडे इंजिन नाही त्याने.

लोक पूल वापरत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक बैठकीत होते. तिच्यापाठोपाठ 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' हे वाक्य येते, आणि मग दुभाजकावर आणखी उंच जाळी लावण्याचा ठराव. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये मूर आणि ओल्डर या दोघांनी या तक्रारीचे मोजमाप केले. पुलावरून जायला आणि खालून जायला सारखाच वेळ लागत असेल, तर सुमारे ७० टक्के लोक पूल घेतात. पुलाला दीडपट वेळ लागत असेल, तर जवळजवळ कोणीच घेत नाही. तेवढाच वेळ लागणारा भुयारी मार्ग असेल, तर मात्र ९५ टक्के लोक तो घेतात. ही शिस्तप्रिय मानल्या गेलेल्या इंग्रजांची गोष्ट आहे. आपला वरचा हिशेब दीडपटीचा नव्हता, पाचपटीचा होता.

एमआयडीसीच्या एखाद्या फाट्यावर पाळी सुटते त्या वेळी उभे राहिले, तर जे कागदावर दिसत नाही ते दिसते. पूल फाट्यापासून दीडशे मीटर पुढे आहे, कारण तिथे जमीन सरकारी होती. फाट्यासमोरच्या दुभाजकातली एक लोखंडी पट्टी कोणीतरी वाकवलेली आहे. हातांनी धरून धरून तिचा रंग गेला आहे आणि लोखंड चकचकीत झाले आहे. पट्टीखाली एक दगड पायरीसारखा रोवलेला आहे. पलीकडच्या बाजूला तसाच दुसरा. कोणी नकाशा काढला नाही, निविदा काढली नाही, तरी लोकांनी आपले क्रॉसिंग आखून ठेवले आहे, आणि ते बसथांबा ते कारखान्याचे फाटक या सरळ रेषेवर आहे. ज्याला पुलाची जागा ठरवायची आहे त्याने सर्वेक्षणाला पैसे खर्चण्याआधी असले दगड शोधावेत. मी पाहिलेल्या कित्येक पुलांची जागा मात्र वेगळ्याच गोष्टीवरून ठरलेली होती: जाहिरातीच्या हक्कावर पूल बांधून घ्यायचा असेल, तर फलक जिथून लांबवर दिसेल तिथे तो उभा राहतो. पुलावर माणूस नसला तरी फलकाचे भाडे चालू असते.

देशातला आकडा लहान नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. तेव्हा महामार्गावर ओलांडायची सुरक्षित सोय हवी, याबद्दल वाद नको. तो वाद शास्त्रानेही कधीच मिटवला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शिकेत एक सूत्र होते: गर्दीच्या तासातली पादचाऱ्यांची संख्या गुणिले त्याच तासातल्या वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा गुणाकार वीस कोटींच्या वर गेला की नियंत्रित क्रॉसिंग हवे. तासाला चार हजार वाहने असलेल्या रस्त्यावर यासाठी किती माणसे लागतात? तेरा. कोणत्याही गजबजलेल्या महामार्गावर हे सूत्र पहिल्या पाच मिनिटांत 'हो' म्हणते. मात्र हे सूत्र पूल मागत नाही, फक्त सुरक्षित ओलांडणे मागते. सुरक्षित ओलांडणे म्हणजे पूलच, ही उडी आपण मारली. २०१२च्या सुधारित मार्गदर्शिकेचा कल तर उघडपणे जमिनीवरच्या क्रॉसिंगकडे आहे. वर चढवणे किंवा खाली उतरवणे हे नाइलाजाचे उपाय.

नाइलाज असतोच. ताशी नव्वदने धावणाऱ्या सहा पदरांवर पट्टे रंगवून सिग्नल लावा, असे मी सांगणार नाही. पण मग पर्याय तीन आहेत, आणि आपण नेहमी एकाच पर्यायापाशी का थांबतो हे विचारायला हवे.

माणूस वर जातो, हा पहिला पर्याय. माणूस खाली जातो, हा दुसरा. खाली जाताना अडीच-तीन मीटरच उतरावे लागते, म्हणजे निम्माच चढ. शिवाय सायकलवाल्याला आधी उतार मिळतो आणि त्याच वेगात तो पुढचा चढ काढतो. पुलावर नेमके उलटे, आधी दमायचे आणि मग ब्रेक दाबायचे. तरी आपल्याकडे भुयारी मार्गाचे नाव काढले की लोक नाक मुरडतात, आणि त्यांचे चुकत नाही. जुलैत तिथे गुडघाभर पाणी असते, दिवे गेलेले असतात, काटकोनातल्या वळणापलीकडे कोण उभे आहे ते दिसत नाही. संध्याकाळी सातनंतर एकटी बाई तिथे पाऊल टाकत नाही. नेदरलँड्समध्ये हाच मार्ग सर्रास वापरतात, पण तिथला भुयारी मार्ग वेगळा असतो: रस्ता मीटर-दीड मीटर वर उचलतात, सायकलमार्ग तेवढाच खाली नेतात, रुंदी भरपूर ठेवतात, भिंती वरच्या बाजूला बाहेर कलत्या ठेवतात, दोन्ही दिशांच्या रस्त्यांमध्ये वरून उजेड येईल अशी फट सोडतात, आणि आत शिरण्याआधी पलीकडचे टोक सरळ दिसते. आपल्या पावसात पंप आणि निचरा यांची वेगळी काळजी घ्यावी लागेल, हे खरे. मुंबईतले अंधेरी आणि मिलन सबवे दर पावसाळ्यात त्याची आठवण करून देतात.

तिसरा पर्याय म्हणजे रस्ताच हलवायचा. नाशिकमध्ये मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मध्यातून काही किलोमीटर खांबांवर उचलला गेला. भरधाव वाहतूक वर गेली, शहर खाली एकमेकांशी जोडलेले राहिले. खालच्या सर्व्हिस रोडवरच्या गाड्या आणि खांबांमधले पार्किंग यांचा त्रास उरला आहेच, पण तो सहा मीटर चढण्याचा त्रास नाही. असा उड्डाणमार्ग महाग असतो, हे मान्य. मात्र त्याची तुलना एका पादचारी पुलाच्या किमतीशी करतात, तेव्हा मला आक्षेप आहे. तुलना करायची तर त्याच टापूत लागणाऱ्या सगळ्या पुलांशी, त्यांच्या लिफ्टच्या दुरुस्तीशी आणि पुलाला कंटाळून दुभाजकावरून उडी मारणाऱ्यांच्या दवाखान्याच्या बिलांशी करावी.

रस्ता हलवायला प्रत्येक वेळी खांब लागतातच असेही नाही. या पुस्तकात ज्याच्यावर आख्खे प्रकरण आहे तो होव्हेनरिंग हा पूल त्यासाठी पाहावा. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेन आणि फेल्डहोव्हेन यांच्या सीमेवर, मेरहोव्हेनच्या नव्या वसाहतीजवळ एक मोठा चौक आहे. वसाहत वाढली तशी वाहतूक वाढली आणि जुन्या चक्राकार चौकाच्या जागी सिग्नलचा मोठा चौक करायची वेळ आली. त्या चौकात सायकली मोटारींच्या पातळीवर नकोत, असे ठरले. आयपीव्ही डेल्फ्ट या संस्थेने तिथे चौकावर अधांतरी तरंगणारे सायकलींचे वर्तुळ काढले: व्यास ७२ मीटर, मधोमध ७० मीटर उंच एकच खांब, त्यापासून निघालेल्या २४ केबल. चारही दिशांचे सायकलस्वार वर येतात, वर्तुळात शिरतात आणि हव्या त्या फाट्याने उतरतात. केबल तळाच्या आतल्या कडेला बांधल्या आहेत, जिथे वर्तुळाकार प्रतिभार जोडलेला आहे, त्यामुळे तळ पिळवटत नाही. छायाचित्रे पाहणाऱ्याचे लक्ष त्या खांबाकडे आणि रात्रीच्या रोषणाईकडे जाते. माझे लक्ष गेले ते चित्रात न दिसणाऱ्या एका गोष्टीकडे: सायकलींचा चढ सुसह्य व्हावा म्हणून खालचा मोटारींचा चौक सुमारे दीड मीटर खोल नेला आहे. जागा अपुरी होती, उतार तीव्र होत होते. तेव्हा सायकलस्वाराला 'जरा जोर लावा' न म्हणता त्यांनी रस्ता खणला. दीड मीटर म्हणजे विसास एकच्या उतारावर ३० मीटर रॅम्प, प्रत्येक बाजूला.

त्या पुलालाही त्रास झालाच. बांधून होताच वाऱ्याने केबल थरथरू लागल्या, पूल बंद ठेवावा लागला, केबलना कंपनशामक बसवावे लागले आणि २९ जून २०१२ रोजी तो रीतसर खुला झाला. उत्तम चित्र काढणाऱ्यांनाही वारा मोजावा लागतो.

टोकांना जागा नाही, या सबबीला उत्तर म्हणून उट्रेख्टचा डाफ्ने स्खिपर्स पूल सांगावासा वाटतो. तो महामार्गावर नसून अॅमस्टरडॅम-ऱ्हाइन कालव्यावर आहे, पण दुखणे तेच: खालून जहाजे जातात म्हणून उंची हवी, आणि उतरायच्या ठिकाणी शाळा आणि बाग. २०१७मध्ये खुल्या झालेल्या या पुलाचा रॅम्प शाळेच्या छपरावरून वळण घेत बागेत उतरतो. शाळा, बाग आणि पूल यांची चित्रे एकाच टेबलावर निघाली म्हणून हे जमले. आपल्याकडे पूल एका खात्याचा, शाळा दुसऱ्याची, बाग तिसऱ्याची, आणि सर्व्हिस रोड कोणाचा यावर पत्रव्यवहार चालू.

आता बांधकामाच्या सुरक्षिततेबद्दल, कारण इथे चूक झाली तर चढाची चर्चा फोल आहे. पादचारी पूल हलका, म्हणून सोपा, असा समज तरुण अभियंत्यांत असतो. गर्दीच्या पुलासाठी चौरस मीटरला ५०० किलो भार धरतात. चार मीटर रुंद, चाळीस मीटर लांब पुलावर तो ८० टन होतो. पुलाचे स्वतःचे वजन त्यामानाने कमी, आणि त्यामुळेच तो हलतो. चालणाऱ्या माणसाची पावले सेकंदाला साधारण दोन पडतात. डावा-उजवा झोका सेकंदाला एक. पुलाची नैसर्गिक कंपने त्याच्या जवळ आली, की माणसांची पावले आणि पूल एकमेकांना साथ देऊ लागतात. युरोपच्या मानकांत उभी कंपने ५ हर्ट्झच्या खाली आणि आडवी अडीचच्या खाली असली, तर चालणाऱ्याच्या सोयीसाठी वेगळी तपासणी सांगितली आहे. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला, गर्दीत आडवा झुलू लागला आणि दोन दिवसांत बंद झाला. कंपनशामक बसवून पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी २००२ उजाडली. त्यात कोणाला इजा झाली नाही.

मायामीत झाली. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी आणि स्वीटवॉटर गाव यांच्या मधून साउथवेस्ट आठवा मार्ग जातो, आठ पदरी. विद्यार्थी पलीकडे राहतात, इकडे शिकतात. ऑगस्ट २०१७मध्ये हा रस्ता ओलांडताना एक विद्यार्थिनी ठार झाली, तेव्हा पूल बांधायचे काम आधीच हाती घेतलेले होते. रस्ता कमीत कमी वेळ बंद राहावा म्हणून मुख्य गाळा कडेला ओतून, चाकांच्या वाहकांवरून आणून जागेवर बसवला: ५३ मीटर लांब, ९५० टन वजनाचा काँक्रीटचा ट्रस. पूल केबलवर टांगल्यासारखा दिसावा म्हणून वर उंच खांब आणि नळ्या यायच्या होत्या, पण भार पेलणार होता ट्रसच. तिरकस दांड्यांची एकच रांग, मधोमध. एक जोड गेला तर भार घ्यायला दुसरा मार्ग नाही. १० मार्च २०१८ला गाळा बसला. उत्तर टोकाच्या जोडाला भेगा पडल्या होत्या, त्या वाढत होत्या, त्यांची छायाचित्रे निघाली होती. १५ मार्चला सकाळी त्यांच्यावर बैठक झाली. धोका नाही, असे ठरले. त्याच दुपारी त्या जोडाजवळच्या दांडीतल्या पोलादी सळया पुन्हा ताणायचे काम चालू असताना पूल खालच्या गाड्यांवर पडला. सहा माणसे मेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने आराखड्यातल्या गणिताची चूक शोधून काढली: त्या जोडावर येणारा भार कमी धरला होता आणि जोडाची ताकद जास्त. गणिताची चूक कोणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून तर तपासनीस नेमतात. मला न सुटणारा प्रश्न दुसरा आहे. भेगा दिसत असताना, वर काम चालू असताना, खालचा रस्ता बंद का केला नाही? मंडळानेही यावर बोट ठेवले आहे. सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्या त्या गाळ्याखाली होत्या.

बांधून झाल्यावर पुलाचे काय होते, हा विषय आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिलेपाशी संपतो. मुंबईत १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल रस्त्यावर कोसळला, सात जण गेले. आधीच्या तपासणीत तो वापरायोग्य ठरला होता, किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या सुचवल्या होत्या. समुद्राच्या हवेत पोलाद कुठून गंजते, पाणी कोणत्या सांध्यात साठते, फरशीखाली काय चालले आहे, हे वरून रंग दिसत असताना कळत नाही. म्हणून आराखड्यातच तपासणीची वाट ठेवावी लागते: बेअरिंगपर्यंत हात पोचेल एवढी जागा, पाणी बाहेर काढणारी नळी, उचलून पाहता येईल असा तळाचा पत्रा. नक्षीदार लोखंडी पत्रा टाळावा. पावसात त्यावर चप्पल घसरते आणि सायकल तर हमखास. सायकली जाणार असतील तर कठडा १.४ मीटर उंच हवा, कारण सायकलवर बसलेल्याचे गुरुत्वकेंद्र नेहमीच्या कठड्याच्या वर येते. छप्पर घालायचे तर बाजू मोकळ्या ठेवाव्यात. बंद पिंजऱ्यातून जायला माणूस कचरतो.

मुंबईच्या स्कायवॉकची गोष्ट यासंदर्भात नेहमी निघते. वांद्रे पूर्वेचा पहिला स्कायवॉक २००८मध्ये झाला, मग महानगर प्रदेशात तीसहून अधिक झाले, आणि त्यांतले बरेचसे ओस पडल्याची टीका झाली. टीका बव्हंशी योग्य आहे, पण एक फरक लक्षात घ्यावा. स्टेशनच्या पुलावर माणूस आधीच चढलेला असतो; तिथून त्याच पातळीवर पुढे नेणारी वाट त्याला परवडते. जे स्कायवॉक असे जोडलेले आहेत तिथे गर्दी दिसते. जिथे फूटपाथवरून मुद्दाम चढून जायचे, तिथे भिकारी, प्रेमी युगुले आणि फलक. चढ आधीच चढून झाला आहे का, एवढ्या एका प्रश्नावर बरेचसे भाकीत करता आले असते.

पुस्तकाची मांडणी यामुळे थोडी उलटी आहे. नेहमीच्या पाठ्यपुस्तकात भार, मग गाळा, मग खांब, मग पाया आणि शेवटी 'इतर सोयी' या नावाखाली जिने-रॅम्प येतात. इथे पहिले प्रकरण जागेची पाहणी कशी करावी यावर आहे, दुसरे रॅम्पवर, तिसरे भुयारी मार्ग आणि रस्ता उचलणे-खणणे यांच्या तुलनेवर. ट्रसचे गणित चौथ्यात सुरू होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे रुचणार नाही, त्यांना थेट गणितावर उडी मारायची सवय असते. नगरसेवक, सरपंच, शाळांचे मुख्याध्यापक आणि आपल्या गावच्या फाट्यावर पूल मागणारी मंडळी पहिली तीन प्रकरणे वाचून थांबली तरी चालेल. निवेदन लिहिताना 'पादचारी पूल व्हावा' असे न लिहिता 'रस्ता ओलांडायची सोय व्हावी, चढ तीन मीटरहून अधिक नसावा' असे लिहिता येते, आणि ते फाइलवर चढले की अभियंत्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. त्या उत्तराचा खरेखोटेपणा तपासायला लागणारे तक्ते परिशिष्टात दिले आहेत: चढाची उंची डाव्या रकान्यात, वेगवेगळ्या उतारांना लागणारी लांबी उजवीकडे, टप्पे धरून. साध्या टेपने आणि कॅल्क्युलेटरने काम भागते.